आईचं प्यादं

शुक्रवारपासून वर्कशॉपमधले ताईचे आणि वहिनीचे ट्रे एकमेकींकडे जायचे थांबले होते.

बाहेरच्या माणसाला यातलं काही कळलं नसतं. चष्मे वेळेवर तयार होत होते, गिऱ्हाइकं ते नाकावर चढवून आरशात बघून जात होती. पण आईने दुकान काढलं त्या दिवसापासून इथे एक नियम होता. जिनं काच घासली तिनं ती तपासायची नाही. आपली चूक आपल्याला कशी दिसणार, डोळा तोच असतो ना, असं आई म्हणायची. म्हणून ताईने कड घासलेल्या काचा तपासायला वहिनीकडे जायच्या आणि वहिनीच्या ताईकडे. लांब टेबलाच्या एका टोकाला आईची थोरली लेक, दुसऱ्या टोकाला सून, आणि मधून निळे प्लास्टिकचे ट्रे सोळा वर्षं इकडून तिकडे सरकत आले होते. आता दोघी आपापला ट्रे बाब्यासमोर ठेवत होत्या. बाब्या म्हणजे ताईचा धाकटा भाऊ आणि वहिनीचा नवरा, वय वर्षं चव्वेचाळीस. दोन्ही बाजूंच्या काचा तपासता तपासता त्याचं स्वतःचं फ्रेम बसवायचं काम पार तुंबलं होतं.

झालं होतं ते एवढंच. गुरुवारी महिलांच्या बुद्धिबळ निवड स्पर्धेची आठवी फेरी संपली आणि भिंतीवर तक्ता लागला. ताई साडेसात गुणांवर पहिली, वहिनी सात गुणांवर दुसरी, आणि शेवटच्या फेरीत दोघींची गाठ एकमेकींशी. राष्ट्रीय स्पर्धेला पाठवायची जागा एकच. त्या जागेवर ताई सात वेळा जाऊन आली होती. तक्त्यासमोर उभी राहून ती आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "चला, हे बेस झालं. रविवारी दहा खेळ्या खेळू, बरोबरी करू, हात मिळवू आणि चहाला घरी."

बरोबरी झाली की ताई आठ आणि वहिनी साडेसात. जागा ताईची. हे गणित ताईच्या मनात नव्हतं, हे तिच्या वैऱ्यानेही मान्य केलं असतं. ताई मनाने मोठी बाई. फक्त दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते बघायला तिला कधी वेळ झाला नव्हता.

"नाही ताई," वहिनी म्हणाली. "मी जिंकायला खेळणार."

सोळा वर्षांत वहिनीने ताईला नाही म्हटल्याचं कोणालाच आठवत नव्हतं. ताई हसली, मग बाकी कोणी हसत नाही हे पाहून थांबली. घरी येईपर्यंत दोघी पुढे-मागे चालल्या, आणि शुक्रवारी सकाळी ताईचा पहिला ट्रे बाब्याच्या पुढ्यात आदळला.

रविवारी नाश्ता आईकडे, हा रिवाज मात्र मोडला नव्हता. ताई आणि मास्तर समोरच्याच इमारतीत राहायचे. मास्तर म्हणजे ताईचे यजमान, पोस्टमास्तर. बुद्धिबळातलं त्यांना ओ की ठो कळत नसे. या घरात जावई म्हणून ते टिकले त्याचं हेच कारण, असं ते स्वतःच सांगत.

"बाब्या, वहिनींना सांग, जॅम इकडे सरकव म्हणावं," ताई म्हणाली.

वहिनी ताईपासून दीड हातावर बसली होती.

"तिला ऐकू आलंय ताई," बाब्या म्हणाला.

"मी तुला सांगतेय."

वहिनीने जॅम बाब्याकडे दिला, बाब्याने ताईकडे. आईने चहाच्या कपावरून हा सगळा प्रवास पाहिला. शहात्तराव्या वर्षीही आईची नजर अशी की टोस्ट कुठे करपलाय ते ती टेबलाच्या या टोकावरून सांगायची.

मास्तरांना शांतता सोसत नसे. "मला एकदा सरळ सांगा," टोस्टला लोणी लावत ते म्हणाले. "हे आईचं प्यादं, आईचं प्यादं म्हणतात ते नक्की कुठलं? पंचवीस वर्षं ऐकतोय. आता विचारायची लाज वाटायला लागलीय."

बाब्याला विषय बदलायला हवाच होता. त्याने मिठाची बाटली टेबलाच्या कडेला आणली आणि तिच्यासमोर तीन बिस्किटं मांडली. "हा राजा. सुरुवातीलाच कोपऱ्याकडे जाऊन लपला. समोर ही तीन प्यादी, पहारेकरी. आता पलीकडून हत्ती आला आणि या शेवटच्या ओळीत घुसला," त्याने चमचा आडवा सरकवला, "की शह. राजा पळणार कुठे? वाटेत त्याचेच पहारेकरी. मात. म्हणून आई म्हणते, डाव सुरू झाला की लगेच हे कडेचं प्यादं एक घर पुढे करून ठेवा." त्याने कडेचं बिस्कीट बोटभर पुढे ढकललं. "झाली ना जागा? शह आला की राजा इथे वर सरकतो. डोक्याला ताप नाही."

"एवढंच?" मास्तर म्हणाले. "मला वाटलं काहीतरी गुपित आहे."

"तेवढंच केलं नव्हतं म्हणून तर हरले," आई म्हणाली. "एकोणतीस वर्षांची होते. शेवटचा डाव. अख्ख्या हत्तीने वर होते मी. लोक मला आधीच शाबासकी द्यायला लागले होते. आणि ही अशी मात बसली. घरी येऊन पट काढला, कडेचं प्यादं एक घर पुढे केलं आणि तुमच्या बायकोला सांगितलं, आजपासून आधी हे, मग बाकीचं."

"मी तेव्हा चार वर्षांची होते," ताई म्हणाली. "गॅस बंद केला का बघून मगच घराबाहेर पडतो ना आपण, तसं झालंय ते. हात आपोआप जातो."

"पण त्यात एक खेळी जाते," वहिनी हळूच म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. बाब्या मात्र बिस्किटाकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते, आणि ते का झाले हे त्या टेबलावर दोनच माणसांना माहीत होतं.

"बरं, मी आपलं जाहीर करून टाकतो," मास्तर म्हणाले. "मी यंदा वहिनींच्या बाजूने."

"का हो?" ताईने सुरी खाली ठेवली.

"तू दहा दिवस जातेस. मागे मी आणि वॉशिंग मशीन. मागच्या खेपेला माझे सगळे पांढरे शर्ट गुलाबी झाले. काउंटरवर लोक पाकीट द्यायचं विसरून माझ्याकडे बघत उभे राहायचे."

"म्हणजे बायकोचा खेळ गेला खड्ड्यात, शर्ट महत्त्वाचे."

"सात शर्ट होते," मास्तर म्हणाले.

वहिनीला हसू आलं आणि ते लपवायला तिने चहाचा कप तोंडाला लावला. ताईलाही हसू आलं होतं. पण वहिनी हसली हे दिसल्यावर तिने ते गिळलं. "आई, तू कोणाच्या बाजूने?"

"मी कोणाच्याच नाही. मी येणारसुद्धा नाही."

दीड वाजता सगळे निघाले तेव्हा आई चपला घालून, पर्स काखेत मारून दारात उभी होती.

"येणार नव्हतीस ना?" बाब्या म्हणाला.

"खाली पोहण्याचा तलाव आहे म्हणतात. पोहणं बघायला येतेय."

स्पर्धेचा हॉल खरोखरच तलावाच्या वरच्या मजल्यावर होता. जिन्यातच क्लोरीनचा वास यायचा, आणि दर दोन मिनिटांनी खालून शिट्टी आणि पोरांचा गलका. ताई आणि मास्तर पुढे गेले. आई रेलिंगला धरून एकेक पायरी चढत होती. बाब्याने वळणावर वहिनीला थांबवलं.

"एक सांगायचंय. चिडू नकोस."

"म्हणजे चिडण्यासारखंच आहे."

"मी काल ताईला सांगितलं. तू आईचं प्यादं खेळणार नाहीस ते. पाचव्या खेळीला वजिरासमोरचं प्यादं पुढे करून देऊन टाकणार आहेस, तेही."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. तीन महिने ती दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, वर्कशॉपच्या मागच्या खोलीत, काचांच्या खोक्यावर छोटा पट ठेवून ही सुरुवात घोटत होती. समोर बसायला बाब्याच होता. आईच्या पद्धतीने ताईशी खेळलं की दोघींना एकमेकींचं सगळं पाठ, आणि फार तर बरोबरी व्हायची. सोळा वर्षांत ती ताईशी कितीतरी वेळा हरली, कितीतरी वेळा बरोबरीत सुटली, जिंकली एकदाही नाही. वाचलेल्या त्या एका खेळीत काय करता येईल, एवढंच तिने शोधलं होतं. आणि नवऱ्याने ते नेऊन सांगितलं.

"का सांगितलंत?"

"मला तुम्हां दोघींपैकी कोणी हरायला नकोय."

"मग एकीलाच का सांगितलंत?"

बाब्याने मान खाली घातली. "तिनं मला सायकल शिकवली होती गं. गुडघे फुटले की स्वतःच्या ओढणीने पुसायची. ट्रे देताना तिचं तोंड एवढंसं झालेलं बघवेना."

"अहो, माझं तोंड कोण बघणार?" वहिनी म्हणाली. "काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाली, चहाड्या सांगू नकोस, जे असेल ते पटावर दिसेल. आणि म्हणाली, तसंही आपल्या घरात असं कोणी खेळत नाही."

वहिनीने जरा विचार केला. "मग ठीक आहे," ती म्हणाली आणि वर चढायला लागली. बाब्या दोन पायऱ्या मागे राहून तिच्या मागोमाग गेला. आपण चूक केली हे त्याला कालच कळलं होतं. ती किती मोठी, हे आता कळलं.

पांढऱ्या सोंगट्या वहिनीकडे होत्या. पंचाने घड्याळ सुरू केलं. राजासमोरचं प्यादं, घोडा, उंट, राजा कोपऱ्याकडे, अशा चार खेळ्या दोघींनी चहा ओतावा इतक्या सहज खेळल्या. आता आईचं प्यादं. ताईने वहिनीच्या खेळीची वाट न बघताच कागदावर ती लिहायला पेन टेकवलं होतं.

वहिनीने वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे ढकललं आणि बटण दाबलं.

ताईने पेन उचललं. बाब्याने सांगितलं होतं खरं, पण सांगणं वेगळं आणि समोर दिसणं वेगळं. तिला राग आला, आणि रागाच्या मागोमाग अगदी स्पष्ट एक गोष्ट जाणवली. ही मुलगी घाबरलेली नाहीये. लग्न होऊन आली तेव्हा हिला घोडा कसा चालतो तेही माहीत नव्हतं, आपणच शिकवला, आणि आज ही आपल्याला प्यादं देऊ करतेय. ताईने ते प्यादं खाल्लं. नाही खाल्लं तर लोक काय म्हणतील.

पुढचे दोन तास वहिनीने ताईला श्वास घेऊ दिला नाही. दिलेल्या प्याद्याच्या बदल्यात तिच्या सगळ्या सोंगट्या बाहेर आल्या होत्या आणि ताईच्या अजून घरात अवघडून बसल्या होत्या. दोरीच्या पलीकडे आई खुर्चीत ताठ बसली होती. बाब्या नखं खात होता. मास्तर दर पंधरा मिनिटांनी वाकून हळूच विचारत होते, "कोण पुढे आहे?" आणि बाब्या दर वेळी "गप्प बसा हो" म्हणत होता.

एकोणतिसाव्या खेळीला घोडे, उंट सगळे मारले जाऊन पट मोकळा झाला होता. वहिनीचा एक हत्ती ताईच्या राजाजवळ पोचला होता. दुसरा अजून मागे, शेवटच्या ओळीत. तोही पुढे नेला की दोन्ही हत्ती शेजारी शेजारी, आणि ताईला वाचवायला काही उरत नव्हतं. वहिनीने तपासलं. ताई हत्तीने शह देतील, माझा राजा वर सरकेल, शह संपला. ठीक. तिने दुसरा हत्ती उचलला, पुढे नेला, घड्याळ दाबलं आणि पाणी प्यायला उठली. गेला तासभर तिचे पाय बधिर झाले होते.

पाण्याचा ग्लास घेऊन ती परत येताना ताईच्या खुर्चीच्या मागून आली. तिथून तिने पट पाहिला, ताईच्या बाजूने. ताईकडे तपासायला गेलेली आपली काच जशी ताईला दिसत असेल, तसा.

आणि तिला कडेचं प्यादं दिसलं. ते जागच्या जागी होतं.

ते कसं पुढे असणार? ते पुढे न करणं हाच तर तीन महिन्यांचा अभ्यास होता. पण मघाशी हिशेब करताना तिच्या डोक्यातला राजा बिनदिक्कत वर सरकला होता, कारण या घरातल्या पटावर तो सोळा वर्षं तसाच सरकत आला होता. आता शेवटच्या ओळीत एकही हत्ती राखणीला नव्हता. ताईने हत्ती सरळ खाली आणला की मात. एका खेळीत. आईला बसली होती ती.

वहिनीने ग्लास तसाच धरून ठेवला. तिने हलायचं नाही असं ठरवलं, कारण हललं तर ताईला कळेल असं तिला वाटलं. वर बघितलं तर दोरीपलीकडून आई तिच्याकडेच बघत होती. आईला दिसलं होतं. आईला केव्हाच दिसलं होतं.

आईची अवस्था वहिनीहून वाईट होती. वहिनीला निदान काय व्हायला हवंय ते माहीत होतं. आईची एक लेक पटाशी बसली होती, तिच्या हाताशी जिंकलेला डाव पडला होता. दुसरी तिच्यामागे ग्लास धरून उभी होती, पांढरीफटक. लेकीने बघावं असं आईला वाटलं. मग बघू नये असं वाटलं. मग आपण कसली आई, असं वाटलं. आणि ताईने आता मान वर केली तर आपल्या तोंडावर सगळं वाचेल, हे लक्षात आल्यावर ती उठली आणि हॉलकडे पाठ करून काचेच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"काय झालं?" मास्तर मागोमाग आले.

"पोहणं बघतेय."

खाली लाल टोप्या घातलेली पोरं फळ्या धरून पाय मारत होती. त्यातली एक सारखी कडेला आपटत होती. आईने सगळं लक्ष तिच्यावर लावलं.

ताईने मान वर केली ती तेव्हाच. घड्याळात नऊ मिनिटं उरली होती, समोर दोन हत्ती आ वासून उभे होते. वर बघितलं तर आईची पाठ. ताईला वाटलं, बघवत नाहीये तिला. मी हरतेय ते तिला बघवत नाहीये. तिचे डोळे भरून आले आणि त्याचा तिला भयंकर राग आला. तिने पुन्हा पटाकडे पाहिलं. हत्तीने शह देता येईल, हे तिला दिसलं. राजा वर सरकेल, मग पुढे काय? काहीच नाही. एवढं ती अर्ध्या क्षणात मोजून मोकळी झाली. पुन्हा मोजायची गरजच वाटली नाही. मग सहा मिनिटं ती राजा वाचवायच्या वाटा शोधत बसली. शेवटी तिने वजीर मागे घेतला, राजाच्या शेजारी उभा केला आणि घड्याळ दाबलं.

वहिनी खुर्चीवर येऊन बसली. ग्लास बाजूला ठेवला. तिने उजवा हात पुढे केला आणि कडेचं प्यादं एक घर पुढे सरकवलं.

आईचं प्यादं, तिसाव्या खेळीला.

ताई त्या प्याद्याकडे बघत राहिली. आधी तिला वाटलं, ही चेष्टा करतेय. दोन्ही हत्ती असे दात विचकून उभे असताना ही मध्येच घर कशाला आवरतेय. मग तिच्या लक्षात आलं की हे प्यादं आत्ता पुढे गेलं, म्हणजे आत्तापर्यंत ते मागे होतं. म्हणजे मघाशी राजा वर सरकला नसता. तिने आपल्या हत्तीकडे पाहिलं. शेवटच्या ओळीकडे पाहिलं. मग पुन्हा प्याद्याकडे.

आणि त्या शांत हॉलमध्ये ताई हसायला लागली. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले. पंच लगबगीने आला. "बाई, शांतता राखा."

"राखते हो," ताई रुमालात तोंड खुपसून म्हणाली. "दोन मिनिटं द्या. अहो, माझ्याच घड्याळातली घेतेय."

आई खिडकीपासून वळली. लेकीचा तो आवाज तिने शंभर बायकांत ओळखला असता.

"कोण जिंकलं?" मास्तरांनी विचारलं.

"अजून कोणी नाही," बाब्या म्हणाला. "पण ताई का हसतेय?" त्यालाही दिसलं नव्हतं. त्याला ते रात्रीच्या जेवणापर्यंत दिसलं नाही, आणि पुढे कित्येक वर्षं त्याला त्यावरून ऐकून घ्यावं लागलं.

दोन्ही हत्ती एवढे पुढे गेले की समोरच्याला एक खेळी फुकट दिली तरी फरक पडत नाही. ताईने आणखी चार खेळ्या केल्या, मग घड्याळ थांबवलं आणि हात पुढे केला. वहिनीने तो दोन्ही हातांनी धरला.

"होती ना गं?" ताईने विचारलं.

"होती."

"किती वेळ?"

"सहा मिनिटं."

"आणि तू माझ्या मागे उभी होतीस. पाणी पीत."

"पाणी उतरतच नव्हतं घशाखाली."

ताई पुन्हा हसली, पण या वेळी थोडंच. ती सोंगट्या पेटीत ठेवायला लागली. "वाईट वाटतंय मला. खोटं कशाला बोलू? आठव्यांदा जायचं होतं."

"मला एकदा जायचं होतं ताई," वहिनी म्हणाली. "तुम्ही आजारी पडलात म्हणून नाही, तुम्ही यायचं सोडलंत म्हणून नाही. तुम्हाला हरवून. म्हणून नाही म्हणाले त्या दिवशी. आणि आता हरवलं असंही म्हणवत नाहीये. मात तर तुमची होती."

"जी दिसली नाही ती नव्हतीच," ताई म्हणाली. "तुला निदान उठून माझ्या बाजूला यायचं सुचलं. मी काही तुझ्या बाजूला आले नाही." हे बोलून झाल्यावर तिचा हात पेटीवर थांबला. सोंगट्यांबद्दल बोलायला ती निघाली होती, आणि गुरुवारपर्यंत जाऊन पोचली होती. तिने पेटीचं झाकण लावलं.

आई दोरी ओलांडून आली. दोघींकडे आळीपाळीने बघून म्हणाली, "चष्म्याचं दुकान आहे आपलं. कोणाला सांगू नका हे."

"तूच शिकवलंस," ताई म्हणाली. "आजपासून आधी हे, मग बाकीचं."

"हो. प्यादं शिकवलं. ते कशासाठी आहे ते बघायला शिकवायचं राहून गेलं." आईने वहिनीच्या पाठीवर हात ठेवला आणि मग तोच हात ताईच्या गालावर फिरवला. "आणि तू. माझ्या पाठीकडे बघून डोळे कशाला भरून आणलेस?"

"तुला कसं कळलं? तू तर पलीकडे बघत होतीस."

"खिडकीला काच आहे," आई म्हणाली. "त्यात सगळा हॉल दिसतो."

सोमवारी सकाळी वर्कशॉप नेहमीच्या वेळेला उघडलं. दोघी आपापल्या टोकाला बसल्या. रात्री जेवताना सगळे भरपूर हसले होते, मास्तरांनी शर्टांच्या वतीने वहिनीचे आभार मानले होते, पण सोमवार तो सोमवार. वहिनी मान खाली घालून काम करत होती. जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी कसं बसायचं असतं ते तिला माहीत नव्हतं. ताईच्या घासायच्या चाकाची घरघर थांबली. तिने काच पुसली, ट्रेमध्ये ठेवली. बाब्याने सवयीने हात पुढे केला.

"तू फ्रेमा बसव," ताई म्हणाली. "शुक्रवारपासूनच्या तुंबल्यात."

आणि ट्रे टेबलावरून घसरत वहिनीच्या कोपरापाशी येऊन थांबला.

वहिनीने काच उचलली, मशीनखाली धरली, डोळा लावला. एकदा बघितलं. कागदावरचा नंबर बघितला. पुन्हा डोळा लावला. ताईच्या काचेत चूक काढायची वेळ तिच्यावर सोळा वर्षांत दोनदा आली होती, आणि दोन्ही वेळा तिने काही न बोलता स्वतःच दुसरी काच घासून दिली होती. तिने ट्रेकडे पाहिलं, मग टेबलाच्या पलीकडच्या टोकाकडे. ताई चाक पुसत होती, गरजेपेक्षा जास्त वेळ.

"ताई," वहिनी म्हणाली. "ही चालणार नाही. कोन पाच अंशांनी चुकलाय."

"माहितीय," ताई मान वर न करता म्हणाली. "तू नाही म्हणतेस का ते बघत होते. आण इकडे."

वहिनीने ट्रे परत ढकलला. मग स्वतःचा ट्रेही त्याच्यामागे ढकलला.